पंगतीनंतरचा दिवस

पहाटे ५.३० : लग्नसराईत आमच्या आरोग्य केंद्राचं दार बहुतेक याच वेळी वाजतं. नांदेड-लातूर रस्त्यालगतची ही गावं. आज इथं लग्न, उद्या तिथं कंदुरी. "रातभर ढाळ लागलेत, पोटात मुरडा येतोय," मावशी सांगतात. नाडी पाहता पाहता मी विचारतो, "मावशी, जेवलात कधी?" जेवून दोन-चार तासांतच उलट्या लागल्या, तर संशय स्टॅफिलोकोकस या जंतूच्या विषाचा. साल्मोनेला या दुसऱ्या जंतूला आतड्यात वाढायला वेळ लागतो. त्रास बहुधा १२ ते ३६ तासांनी सुरू होतो. कधी ६ तासांत, कधी तिसऱ्या दिवशी.

सकाळी ८ : आशाताईंचे फोन सुरू होतात. मी तीनच गोष्टी विचारतो : जुलाब, पोटात कळा, अंगात ताप. तिन्ही एकत्र असतील आणि एकाच पंगतीतली चार घरं आजारी असतील, तर वर कळवायला उशीर करायचा नाही. लोहा तालुक्यातलं कोष्टवाडी कुणी विसरलेलं नाही. ६ फेब्रुवारी २०२४ ला सायंकाळी महाप्रसाद झाला, रात्रीतून लोक आजारी पडत गेले. सुमारे २,००० जणांना त्रास झाला. शेकडो जण लोह्याच्या आणि नांदेडच्या रुग्णालयांत भरती झाले.

सकाळी ११ : अँटिबायोटिक देण्याआधी शौचाचा नमुना घेतो. कल्चरचा अहवाल यायला दोन-तीन दिवस लागतात, उपचार तोवर थांबत नाहीत. "टायफॉईड तर नाही ना?" हा प्रश्न हमखास येतो. तोही साल्मोनेलाच्याच एका प्रकारामुळे होतो, पण त्याचा ताप हळूहळू चढतो आणि दिवसेंदिवस उतरत नाही. पंगतीतून होणारा साल्मोनेलाचा आजार मात्र बहुतेकांचा आठवड्याच्या आत, अँटिबायोटिकशिवाय बरा होतो.

दुपारी २ : ओआरएस. अख्खं पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात. ग्लासभर पाण्यात चिमूटभर टाकून भागत नाही. पोराला चमच्या-चमच्यानं पाजायचं, अंगावरचं दूध चालू ठेवायचं. ताप असेल किंवा शौचातून रक्त पडत असेल, तर जुलाब थांबवायची गोळी मनानं घ्यायची नाही.

सायंकाळी ५ : मांडवात आचाऱ्याशी बोलतो. कच्ची कोंबडी चिरलेल्या पाटावरच कोथिंबीर चिरली, तर जंतू थेट ताटात जातात. अंडी, चिकन आतपर्यंत शिजलं पाहिजे. शिजलेलं अन्न उन्हाळ्यात एका तासापेक्षा जास्त तसंच ठेवू नये.

रात्री ९ : लहान लेकरं, म्हातारी माणसं, गरोदर बाया यांची यादी पुन्हा तपासतो. लघवी बंद, डोळे खोल गेलेले, ग्लानी, शौचातून रक्त, पाणीही पोटात न ठरणं. यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा. आणि दवाखान्यात याल तेव्हा काय खाल्लं, किती वाजता खाल्लं आणि सोबत कोण जेवलं, एवढं सांगा. त्यावरून तुमचा आजार ओळखता येतो आणि त्याच पंगतीतल्या बाकीच्यांपर्यंत आम्ही वेळेत पोहोचतो.