सगळ्यांना एकच पट

२०१० साली तिबो द्युप्लेसी या फ्रेंच प्रोग्रामरनं लीचेस हे ऑनलाइन बुद्धिबळाचं संकेतस्थळ सुरू केलं, तेव्हा त्यात फारसं काही नव्हतं. मित्राला दुवा पाठवायचा आणि डाव मांडायचा. खातंसुद्धा काढावं लागत नसे. आज मागं वळून पाहताना जाणवतं, की बुद्धिबळप्रेमींच्या या घराचा पाया तेव्हाच पडला होता: खेळायला पैसे पडणार नाहीत, पटाशेजारी जाहिरात दिसणार नाही आणि जे एकाला मिळेल ते सगळ्यांना मिळेल.

सुरुवातीचा कोड पीएचपीत होता. पुढं तो स्काला भाषेत नव्यानं लिहिला गेला. अशा जागेचा खरा कस लागतो तो घड्याळावर. एक मिनिटाच्या डावात तुम्ही घोडा उचलून ठेवता. ती चाल सर्व्हरकडे जाते, नियमात बसते का ते तपासलं जातं आणि मग समोरच्याच्या पटावर घोडा हलतो. नेट रेंगाळलं, तर त्या वाटेत गेलेला वेळ ठरावीक मर्यादेपर्यंत तुमच्या खात्यातून कापला जात नाही. रेंज अधूनमधून दगा देणाऱ्या गावातून खेळणाऱ्याला या सोयीचं मोल नेमकं ठाऊक असतं.

डाव संपला, की कुठं चुकलो हे पाहायची ओढ लागते. चाली जोखणारं स्टॉकफिश हे इंजिन मोफत आहे, पण लाखो डाव तपासायचे तर संगणकांची ताकद लागते, आणि ती विकत घेणं महागात पडतं. त्यावर ‘फिशनेट’ची वाट निघाली. स्वयंसेवक आपापल्या संगणकांची ताकद या कामाला देतात. माझ्या हातून वजीर कुठं गेला हे शोधायला कुणा अनोळखी माणसाच्या घरातलं यंत्र राबतं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

२०२० साली टाळेबंदीनं माणसं घरात बसली, ऑक्टोबरात ‘द क्वीन्स गॅम्बिट’ ही मालिका आली आणि ऑनलाइन पटांवर झुंबड उडाली. तेव्हाचा जगज्जेता माग्नुस कार्लसनही टोपणनावानं इथल्या स्पर्धांत उतरत होता. १० मार्च २०२१ रोजी स्ट्रासबर्गच्या डेटा सेंटरला आग लागली. लीचेसचे काही सर्व्हर तिथं होते, पण प्रती इतरत्र जपून ठेवलेल्या असल्यानं जवळजवळ सगळं पुन्हा उभं राहिलं. गर्दीबरोबर इंजिनाच्या मदतीनं खेळणारे लबाडही वाढले. त्यांना हुडकायला ‘अर्विन’ नावाची प्रणाली आणि डोळ्यांत तेल घालून बसणारे नियंत्रक आहेत.

लीचेस ही फ्रेंच कायद्याखालची ना-नफा संस्था आहे. खर्चाचा तक्ता कुणालाही पाहता येतो. कोड खुला आहे आणि जानेवारी २०१३ पासूनचे मानांकित डाव कुणीही उतरवून घेऊ शकतं. अंध खेळाडूंसाठी वेगळी रचना आहे. स्वयंसेवकांच्या भाषांतरामुळं पटाभोवतीचा मजकूर मराठीतही वाचता येतो. देणगीदाराला काय मिळतं? नावाशेजारी पंखाचं एक छोटं चिन्ह. खेळाची एकही सोय त्याला जास्तीची मिळत नाही.

खेळाडूंसाठी संकेतस्थळ बांधायला निघालेल्या तरुणांनी हा पंख नीट पाहावा. काय विकायचं नाही हे आधी ठरलं होतं, म्हणूनच इतकी माणसं आपला वेळ, आपली भाषा आणि आपला संगणक घेऊन इथं कामाला आली.