दारिद्र्य आणि पायरी : लेखांक सातवा

मागील लेखांकात १८९२ साली अमेरिकेतील मेम्फिस शहरी घडलेला प्रसंग आपण पाहिला. टॉमस मॉस व त्याचे सहकारी यांनी काळ्यांच्या वस्तीत किराणा मालाचे दुकान चालविले, शेजारच्या गोऱ्या दुकानदाराचे गिऱ्हाईक तुटू लागले, आणि अखेर तिघांना तुरुंगातून ओढून नेऊन गोळ्या घालण्यात आल्या. मॉसच्या स्नेही आयडा वेल्स या पत्रकर्तीने त्यावरून निष्कर्ष काढला की, लोकक्षोभ हे निमित्त असून, मालमत्ता मिळवू लागलेल्या काळ्या माणसास धाकात ठेवणे हाच अशा हत्यांमागील हेतू होय. हा निष्कर्ष आपल्या मोहाडी तहसिलीत पडताळून पाहणे मला कर्तव्य वाटते. कारण वर्णद्वेषाविषयी दूरस्थ उदाहरणांवरून हळहळणे सोपे असते, आणि मौजे खैरलांजी येथून फार दूर नाही.

धानाच्या बांध्या, मालगुजारी तलाव, आंधळगावचे कोशाचे माग आणि घरोघरी वळल्या जाणाऱ्या विड्या यांवर जगणाऱ्या या मुलखात दारिद्र्य ही कोणा एका जातीची मिरास कधीच नव्हती. कुणब्याच्या घरीही उपास घडे आणि ढिवराच्या घरीही घडे. तथापि, गावाच्या रचनेत प्रत्येकाच्या दारिद्र्याची जागा निराळी होती. कुणब्याची तंगी ही पावसाची वा सावकाराची करणी मानली जाई आणि तिच्याविषयी चारचौघांत सहानुभूतीने बोलले जाई. महाराची तंगी मात्र सृष्टिक्रमच समजली जाई. त्या समाजातील पुष्कळ घरे जाडेभरडे कापड विणून पोट भरीत असत. १८७७ साली नागपुरात एम्प्रेस गिरणी सुरू झाली, गिरणीचे स्वस्त कापड बाजारात आले, आणि त्या मागांवरील अन्न आटत गेले. कारण असे उघड आर्थिक होते, परंतु गावाने ते कधी हिशेबात धरले नाही. कोतवालकी, वेठ आणि उष्टे हेच ज्याचे वतन, त्याच्या हातून कसब गेले हे कोणास जाणवावे? १९५१ च्या मार्चअखेर मालगुजारी कायद्याने संपली, १९५६ साली नागपूरच्या बौद्ध धम्मदीक्षेनंतर त्या समाजातील असंख्य लोकांनी जुनी कामे टाकून दिली, तरी पाहणाऱ्यांची दृष्टी बदलली नाही.

खैरलांजीच्या सुरेखाबाई व भैयालाल भोतमांगे या बौद्ध दांपत्यापाशी सुमारे पाच एकर जमीन होती. घर कच्चेच होते. त्यांची मुले शिकत होती आणि मुलगी अभ्यासात हुशार म्हणून ओळखली जाई. बौद्धांची घरे त्या गावात बोटांवर मोजण्याइतकी. शेतातून इतरांच्या वाहनांसाठी वाट काढण्यावरून वाद झाला, आणि सुरेखाबाई गप्प बसल्या नाहीत. आपल्या समाजातील दयाबुद्धीचे स्वरूप येथे उघडे पडते. याच बाई दुसऱ्याच्या बांधीत रोवणीला वाकल्या असत्या, सणाला पसाभर तांदूळ मागायला दारी आल्या असत्या, तर गावाने त्यांना ‘बिचारी’ म्हटले असते, आणि मनापासून म्हटले असते. परंतु स्वतःच्या धुऱ्यावर उभे राहून त्या हक्काची भाषा बोलू लागल्या, तेव्हा त्यांचे चारित्र्यच चर्चेस घेण्यात आले. कुजबुजीने आधी माणसाची अब्रू काढून घ्यावी, म्हणजे पुढे हात उगारताना मन कचरत नाही. ही रीत मेम्फिसमध्येही होती.

३ सप्टेंबर २००६ रोजी या कुटुंबाचे पाठीराखे असलेल्या एका पोलीस पाटलास मारहाण झाली. सुरेखाबाई व त्यांच्या मुलीने मारहाण करणाऱ्यांची ओळख पटविली. २९ सप्टेंबरला आरोपी जामिनावर सुटून आले, आणि त्याच सायंकाळी जमावाने सुरेखाबाई, त्यांची मुलगी व दोन मुलगे यांची हत्या केली. प्रेते कालव्यात मिळाली. भैयालाल तेवढे वाचले. २०१७ च्या जानेवारीत तेही गेले.

२००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांस दोषी ठरवून सहा जणांस देहदंड फर्मावला. २०१० साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो रद्द करून पंचवीस वर्षांची सक्तमजुरी दिली. मात्र अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील आरोप दोन्ही ठिकाणी टिकला नाही. साक्ष दिल्याचा सूड हा हेतू मानला गेला. सूड खराच होता. पण साक्ष देणारी बाई गावातल्या बहुसंख्य जातीची असती, तर तिचे सबंध कुटुंब संपविण्याचे धैर्य एका सायंकाळी इतक्या जणांना आले असते काय? जातीचा उच्चार झाला नाही म्हणून जात अनुपस्थित होती, हे म्हणणे मला मान्य होत नाही. ज्या गावी प्रत्येकास प्रत्येकाची पायरी जन्मतः ठाऊक असते, तेथे ती बोलून दाखविण्याचे प्रयोजनच उरत नाही.

कायद्यालाही हे उशिरा उमगले. तोवर ‘अनुसूचित जातीचा आहे या कारणास्तव’ गुन्हा घडल्याचे सिद्ध करावे लागे. २०१५ च्या दुरुस्तीने, जी २६ जानेवारी २०१६ पासून अंमलात आली, जात ठाऊक असताना गंभीर गुन्हा करणे एवढे पुरेसे ठरविले, आणि ओळखीच्या माणसाची जात आरोपीस ठाऊक होती असे गृहीत धरण्याची तरतूद केली. फौजदारी दप्तरात ही मोठीच सुधारणा होय. परंतु फौजदारी दप्तर खून झाल्यावर उघडते. पांदणीचा वाद, गावठाणातील घराची नोंद आणि सातबाऱ्यावरील नाव ही प्रकरणे महसुली दप्तरात आधीपासून पडून असतात. पुढील लेखांकी त्या दप्तराकडे वळू.