डोंगर तेवढाच, दम वेगळा

नेरळ समुद्रसपाटीपासून जेमतेम ४० मीटरवर, तर माथेरान ८०० मीटरच्या आसपास. नेरळहून पायी निघालेला माणूस सुमारे साडेसातशे मीटर चढून जातो. ६० किलोचं शरीर एवढं वर न्यायला हिशेबाने शंभरेक कॅलरी पुरतात. पण खर्च केलेल्या ऊर्जेचा पाव ते पाचवा हिस्साच स्नायू कामी लावतात, बाकीची उष्णता होऊन जाते. त्यामुळे प्रत्यक्षात चार-पाचशे कॅलरी जळतात. हा हिशेब विशीतल्या पोराला जो, तोच साठीतल्या आजोबांना. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट खालापूर तालुक्यातल्या चौकहून माथेरानच्या डोंगरावर चढले, तेव्हाही तोच होता. बदलतो तो चढणारा. तो किती बदलतो, कशामुळे, आणि त्यातलं किती आपल्या हातात असतं, हे समजून घेतलं तर पन्नाशीनंतरची पंचवीस-तीस वर्षं वेगळी जाऊ शकतात.

दम कुठे कमी पडतो?

मेहनतीच्या वेळी शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं, यावरून त्याची ताकद मोजतात. वजनाच्या दर किलोमागे मिनिटाला किती मिलिलिटर, असं ते माप. बैठं काम करणाऱ्या तिशीतल्या निरोगी पुरुषाचा आकडा साधारण ४० असतो. पाठीला छोटी सॅक लावून एका चालीने डोंगर चढायला २५ च्या आसपास लागतात. म्हणजे ताकदीचा साठ-बासष्ट टक्के वाटा, त्यामुळे हा माणूस गप्पा मारत वर जातो. व्यायाम नसेल तर तिशीनंतर दर दहा वर्षांनी ही क्षमता सुमारे १० टक्क्यांनी उतरते आणि साठीला २९ वर येते. बायकांचे आकडे थोडे कमी असतात, पण उतरण तशीच. घरखर्च तेवढाच राहून मिळकत घटावी, तशी ही गत. चढ आजही २५ च मागतो, पण आता तो ताकदीच्या ८५ टक्क्यांहून अधिक असतो. मग दर वळणावर बसावंसं वाटतं.

दम लागला की आपण फुफ्फुसांना बोल लावतो. निरोगी माणसाची फुफ्फुसं सहसा पुरून उरतात, कमी पडतं ते हृदय. वयाला ०.७ ने गुणून ती संख्या २०८ मधून वजा केली की हृदयाच्या कमाल ठोक्यांचा अंदाज मिळतो. तिशीत मिनिटाला १८७, साठीत १६६. हा आकडा व्यायामानेही फारसा वाढत नाही. शिवाय रक्तवाहिन्या ताठर होतात, हृदयाचा कप्पा भरायला वेळ लागतो. एवढं वयाचं घेणं, ते सगळ्यांना द्यावंच लागतं.

स्नायूंची गोष्ट निराळी. त्यांचं वजन हळूहळू घटतं, ताकद त्याहून लवकर, आणि सर्वांत आधी जातो तो झटका. पाय घसरल्यावर क्षणात दुसरा पाय पुढे टाकून सावरायला लागतो तो हाच. चढताना छातीचा भाता चालतो, उतरताना सगळा भार मांड्यांवर येतो. ताणलेल्या अवस्थेत वजन तोलून धरावं लागतं, म्हणून उतरणीनंतर दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात. उतार हृदयाला सोपा, पण थकलेल्या पायांना धोक्याचा. बायकांच्या बाबतीत पाळी गेल्यानंतर हाडांची झीजही वेगाने होते, त्यामुळे साधं पडणंसुद्धा महागात जातं.

वयाचं किती, बसण्याचं किती?

१९६६ साली अमेरिकेतल्या डॅलसमध्ये विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं. त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता चौथ्या हिश्शाहून अधिक घसरली. तीस वर्षांनी, पन्नाशीत, त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं. तीस वर्षांच्या वयाने झालेली घट तीन आठवड्यांच्या अंथरुणाने झालेल्या घटीपेक्षा कमी निघाली. मग त्यांनी सहा महिने बेताबेताने चालणं, धावणं, सायकल चालवणं वाढवलं आणि विशीतली, अंथरुणाला खिळण्यापूर्वीची पातळी पुन्हा गाठली. हृदयाचे कमाल ठोके परत आले नाहीत, पण आलेल्या रक्तातून प्राणवायू ओढून घ्यायला स्नायू पुन्हा शिकले.

हा प्रयोग आपल्या भागाने नीट वाचावा. कर्जतहून मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस १०० किलोमीटर, खोपोली आणखी पुढे. लोकलमध्ये जायला दोन तास, यायला दोन तास, मधे कचेरीतली खुर्ची. घरी आल्यावर स्टेशनबाहेर रिक्षा किंवा मोटारसायकल. ज्यांचे आजोबा बांधावरून पायी हिंडले, त्या घरांतली चाळिशीतली माणसं आज दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावर धापा टाकतात. ‘वय झालं’ म्हणून आपण जे सोडून देतो, त्यातलं बरंचसं बसून राहिल्याने गेलेलं असतं, आणि म्हणूनच ते परत मिळवता येतं.

कष्ट आणि व्यायाम

माथेरानच्या पायथ्याच्या वाड्यांमधली ठाकूर, कातकरी माणसं कामासाठी वर चढून जातात. डोईवर भारा घेतलेल्या बाईची चाल पाहावी. पाऊल आखूड, टाच पूर्ण टेकलेली, तोंड मिटलेलं, नजर चार पावलं पुढे. सुरुवातीला जो वेग, तोच शेवटच्या वळणावर. सुट्टीला आलेली तरुण मंडळी पहिल्या टप्प्यात तिच्या पुढे पळतात आणि मधल्या सपाटीवर पाण्याच्या बाटल्या उघडून बसतात. ती न थांबता पुढे निघून जाते. आपल्या ताकदीच्या आतला वेग धरून तो न सोडणं, हे तिच्या पायांना पाठ असतं.

बारामतीच्या लता करे यांनी साठी ओलांडल्यावर नवऱ्याच्या उपचारासाठी पैसे हवे म्हणून नऊवारीत आणि अनवाणी शर्यत धावून जिंकली. कुठल्याही क्लबात न गेलेले ते पाय आयुष्यभराच्या मोलमजुरीने घडले होते.

पण कष्टालाच व्यायाम म्हणून गोडवे गाणं बरोबर नाही. लावणीच्या दिवसांत बाई चिखलात कमरेत वाकून सकाळपासून संध्याकाळपर्यंत रोपं खोचते. तेच स्नायू, तोच बाक, आणि विसाव्याची सोय नाही. व्यायामात ताण दिल्यावर विश्रांती मिळते, त्या विश्रांतीत स्नायू भरतो, आणि भरायला अन्न लागतं. कष्टकऱ्याच्या वाट्याला ताण येतो, पुरेशी विश्रांती आणि पुरेसं ताट येत नाही. म्हणून त्यांच्या छातीचा दम टिकतो, पण कंबर आणि गुडघे लवकर बोलू लागतात. उतारवयात प्रथिनांची गरज घटत नाही, उलट वाढते. आपल्याकडचे वाल, कुळीथ, अंडी, सुकट हे त्यासाठी चांगले जिन्नस आहेत. ते म्हाताऱ्यांच्या ताटातही रोज पडायला हवेत.

सुरुवात कशी करावी

उशीर झाला, असं म्हणायला जागा नाही. १९९० मध्ये बोस्टनच्या एका शुश्रूषागृहात सरासरी नव्वदीच्या दहा अशक्त वृद्धांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला. ज्यांनी तो पुरा केला, त्यांच्या पायांची ताकद सरासरी पावणेतीन पट झाली.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम, दोन दिवस ताकदीचा आणि पासष्टीनंतर तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम सुचवते. मध्यम म्हणजे बोलता येतं, पण गाता येत नाही, एवढा वेग. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी नाडी फारशी वाढत नाही. अशांनी ठोके मोजण्यापेक्षा हीच खूण धरावी. पहिले सहा आठवडे सपाट रस्ता, त्यासोबत खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं. मग घरचा जिना, मग छोटी टेकडी. पेठचा किल्ला किंवा खांडसहून भीमाशंकर नंतर. दिवाळीनंतरची थंड सकाळ यासाठी उत्तम. उतारवयात घाम कमी येतो आणि तहान उशिरा कळते, म्हणून उन्हाच्या आत खाली यावं आणि तहान लागण्याआधी पाणी प्यावं. उतरताना काठी हातात असू द्यावी.

मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावं. छातीत, जबड्यात, डाव्या हातात दुखलं, चक्कर आली, तर तिथेच थांबावं. मधुमेह्यांना छातीत न दुखता नुसता दम लागूनही हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. गेल्या महिन्यात सहज जमलेला चढ या महिन्यात एकदम जड जात असेल, तर तो वयाच्या नावावर खपवू नये. वय महिन्याभरात वाढत नाही.

वय आपला वाटा घेणारच. त्याहून मोठा वाटा बसण्याला द्यायचा की नाही, हे मात्र ज्याने त्याने ठरवायचं आहे. सह्याद्रीच्या कुशीत राहणाऱ्यांना त्यासाठी पैसे मोजून यंत्रावर चढायची गरज नाही. आठवड्यातून तीन सकाळी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना सोबत घेऊन, त्यांच्या चालीने निघावं.