गणपतीत खोली का महागते?

हॉटेलची खोली दुधापेक्षाही नाशवंत. आजची रिकामी रात्र उद्या विकता येत नाही. म्हणून मोठ्या हॉटेलांत मागणी पाहून सॉफ्टवेअर दर हलवतं. सकाळचा भाव संध्याकाळी राहीलच असं नाही. 1978 मध्ये अमेरिकेत विमानभाडी सरकारी बंधनातून सुटली, त्यानंतर विमान कंपन्यांनी ही पद्धत घडवली. हॉटेलांनी ती पुढे उचलली.

पुण्यात गणपती पाहायला येताय? मग मोफत रद्द करता येणारी खोली आत्ताच धरून ठेवा. पेठांतच उतरायचा हट्ट नको. पिंपरी-चिंचवडहून मेट्रो थेट कसबा पेठ आणि मंडई स्थानकांत येते. वर आलं की मानाचे गणपती पायी अंतरावर. आणि हॉटेलला एक फोन जरूर करा. बुकिंग अ‍ॅपचं कमिशन वाचत असल्याने मालक भाव कमी करू शकतो.