आमिष न खाणारा मासा

गळ टाकून मासे पकडताना तुम्ही कुणाला ना कुणाला पाहिलं असेलच. गळाला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी लावायची, दोरी पाण्यात सोडायची आणि गप्प बसायचं. मासा आमिषाला भुलला की दोरी हलते.

पण मासा भुललाच नाही तर? एक दिवस नाही, दोन दिवस नाही, जन्मात कधीच नाही!

असा एक मासा आहे. तो अमेरिकेतल्या मिसिसिपी, मिसूरी आणि त्यांना मिळणाऱ्या मोठ्या नद्यांमध्ये राहतो. इंग्रजीत त्याला पॅडलफिश म्हणतात. पॅडल म्हणजे होडीचं वल्हं, म्हणून आपण त्याला वल्हेमासा म्हणू या. त्याच्या तोंडापुढे चपटं, लांबलचक वल्हं असतं. जवळजवळ अंगाच्या एक तृतीयांश! शास्त्रज्ञांनी त्याच्या नावात ‘स्पॅथुला’ हा शब्द घातलाय. म्हणजे सरळ सरळ आपलं स्वयंपाकघरातलं उलथनंच की!

अंगावर खवले जवळजवळ नाहीतच. सांगाडाही बराचसा कुर्चेचा, म्हणजे आपल्या कानात असते तसल्या लवचिक पदार्थाचा. डोळे बारीक. वजन मात्र दणदणीत. २०२४ साली मिसूरी राज्यातल्या एका जलाशयात सापडलेला वल्हेमासा १६४ पौंड १३ औंस भरला. म्हणजे सुमारे ७५ किलो. तुमच्या बाबांपेक्षाही जास्त असेल कदाचित!

एवढा मोठा मासा खातो काय? तर डोळ्यांना जेमतेम दिसणारे पाण्यातले किडे, म्हणजे प्लवक. तो आपलं भलंमोठं तोंड उघडून नुसता पोहत सुटतो. पाणी कल्ल्यांतून बाहेर जातं आणि किडे तिथल्या गाळणीत अडकतात. आई चहा गाळते ना, तसंच. मग गांडुळाकडे तो कशाला बघेल?

आणि ते वल्हं? पूर्वी लोकांना वाटायचं, तो त्याने तळाचा गाळ उकरत असेल. तसं नाही बरं का. वल्ह्यावर हजारो बारीक छिद्रं असतात. पाण्यातला इवलासा किडा हालचाल करतो तेव्हा त्याच्या अंगातून अगदी सूक्ष्म वीज निघते, ती या छिद्रांना कळते. गढूळ पाण्यात, काळोखातसुद्धा. वल्हं हा त्याचा अँटेनाच म्हणा ना.

आता मुद्द्याचं. न भुलणाऱ्या माशाला पकडायचं कसं? मोंटाना राज्यात यलोस्टोन नदीकाठी ग्लेनडाइव्ह नावाचं गाव आहे. त्याच्या जवळच, इनटेक या ठिकाणी शेतीला पाणी वळवण्यासाठी शंभर वर्षांपूर्वी नदीत दगडी बांध घातला. मे महिन्यात बर्फ वितळून नदी फुगते, तेव्हा वल्हेमासे अंडी घालायला खालच्या जलाशयातून वर येतात आणि बांधापाशी अडतात. तिथे काठावर माणसं रांगेने उभी असतात. हातात जाडजूड काठी, दोरीला शिशाचं वजन आणि तीन टोकांचा मोठा गळ. आमिष नाहीच. गळ लांब फेकायचा आणि हिसके देत ओढायचा. पुन्हा फेकायचा, पुन्हा ओढायचा. खांदे भरून येतात. गळ चुकून एखाद्या माशाच्या पराला, पोटाला, नाहीतर शेपटीला अडकला की झालं! शेपटीत अडकला, तर माणूस प्रवाहाबरोबर काठाकाठाने धावत सुटतो.

मला विचाराल तर ही रीत काही फारशी आवडण्यासारखी नाही. पण नियम कडक आहेत. माणशी एका हंगामात एकच मासा, त्यावर लगेच टॅग लावायचा. ठरलेल्या संख्येइतके मासे पकडून झाले की हंगाम बंद.

इतकी काळजी का? कारण या माशाला कसलीच घाई नसते. इथली मादी पहिल्यांदा अंडी घालते ती सोळा-सतरा वर्षांची झाल्यावर. म्हणजे तुम्ही दहावी पास व्हाल तेव्हा! त्यानंतरही दरवर्षी नाहीच. जबड्याच्या हाडात झाडाच्या खोडासारखी वर्तुळं असतात, ती मोजून वय काढतात. एक मोठी मादी मारली, तर तिची जागा भरायला तितकीच वर्षं लागतात.

आणि घराणं केवढं जुनं! याच्या पूर्वजांचे सुमारे साडेबारा कोटी वर्षांपूर्वीचे अवशेष चीनमध्ये सापडलेत. नॉर्थ डाकोटा राज्यात तर कमालच झाली. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीवर मोठा अशनी आदळला आणि डायनोसॉर संपले, हे तुम्ही वाचलं असेल. त्या वेळी गाळात गाडले गेलेले वल्हेमासे तिथे मिळाले. त्यांच्या कल्ल्यांत त्या आघाताने उडालेले काचेचे बारीक मणी अडकलेले होते! माशांच्या हाडांची वाढ तपासून २०२२ साली शास्त्रज्ञांनी सांगितलं, अशनी आदळला तेव्हा तिथे वसंत ऋतू होता.

अशनीतून वाचलेलं हे घराणं माणसाच्या तावडीतून वाचेल का, हा खरा प्रश्न आहे. चीनच्या यांगत्से नदीत याचा एक भाऊबंद होता. नदीवर १९८१ साली मोठं धरण झालं, अंडी घालायची वाट बंद झाली, मासेमारीही चालूच राहिली. शेवटचा मासा दिसला २००३ साली. आता तो नामशेष झाल्याचं जाहीर झालंय. आपल्याकडेही फराक्का बंधाऱ्यामुळे गंगेच्या वरच्या भागातला हिल्सा असाच दुर्मिळ झाला.

अमेरिकेतल्या वल्हेमाशाला आणखी एक शत्रू आहे, त्याचीच गाबोळी. श्रीमंत लोक स्टर्जन माशाची खारवलेली गाबोळी चढ्या भावाने खातात, तिला कॅव्हियार म्हणतात. कॅस्पियन समुद्रातले स्टर्जन कमी झाले, तसं लक्ष वल्हेमाशाकडे वळलं. मिसूरीतल्या वॉर्सा गावाजवळ चोरट्या गाबोळीचा धंदा चालायचा. साध्या वेशातल्या अधिकाऱ्यांनी पाळत ठेवून २०१३ साली शंभरावर लोकांवर कारवाई केली. मादी कोणती हे बाहेरून नेमकं कळत नाही, म्हणून चोर पोट फाडून बघतात. अंडी नसली की मासा फुकट गेला.

ग्लेनडाइव्हच्या लोकांनी त्यावर वेगळा मार्ग काढला. १९९० पासून तिथे तुमचा मासा मोफत साफ करून मिळतो, बदल्यात गाबोळी द्यायची. तिच्या विक्रीचे पैसे माशांच्या अभ्यासाला आणि सार्वजनिक कामांना जातात. साफ करतानाच प्रत्येक माशाची नोंद होते. चोराला मात्र गिऱ्हाईक मिळणं कठीण होतं.

राहिला तो दगडी बांध. शेतीला पाणी हवंच, म्हणून तो पाडता येत नव्हता. शेवटी बांधाला वळसा घालून जाणारा तीन किलोमीटरहून लांब कालवा खणला आणि २०२२ साली त्यात पाणी सोडलं. वल्हेमासे आणि दुर्मिळ पांढुरके स्टर्जन आता त्या वाटेने वर जाऊ लागलेत.