बुटका गडी आणि संघाची बांधणी

पावसाळा सरून आमच्या घाटावरची काळी माती एकदां वाळली, म्हणजे शाळेच्या मैदानावर दोन जागीं मुलांची गर्दी जमूं लागते. एक कबड्डीच्या आंखणीपाशीं व दुसरी बास्केटबॉलच्या खांबांपाशीं. ह्या दुसऱ्या खेळासंबंधानें माझ्या हातून पूर्वी एक चूक झाली. ती ह्या शाळेंत घडली नाहीं, दुसऱ्या एका शाळेंत घडली. परंतु तिच्यामुळेंच हा लेख लिहिण्याचें मनांत आलें.

तालुक्याच्या सामन्यांसाठीं संघ निवडावयाचा होता. नववींतला एक मुलगा होता. उंची बेताची, पांच फुटांहून दोन-तीन बोटें अधिक. चेंडू त्याच्या हातीं गेला कीं तो कोणाला सांपडत नसे, आणि लांबून टाकलेला त्याचा चेंडू बहुधा जाळींतच पडे. परंतु प्रतिपक्षाची चाल आली म्हणजे हाच मुलगा आमच्या संघांतलें भगदाड होई. त्याच्या डोक्यावरून चेंडू सरळ टाकला जाई; तो जिवाच्या आकांतानें उडी मारी, तरी त्याचीं बोटें वीतभर खालींच राहत. मीं त्याला बाहेर बसविलें व त्याच्या जागीं एक उंच मुलगा घेतला. पहिल्याच सामन्यांत आम्ही हरलों. प्रतिपक्षानें फार गुण मिळविले म्हणून नव्हे. आमच्याकडूनच गुण होईनात. त्या मुलाचे वडील सामना पाहावयास आले होते. ते रागावले नाहींत. जातांना एवढेंच म्हणाले, "सर, उंची कमी ही कांहीं त्याची चूक नव्हे."

त्या वेळीं मला उत्तर सुचलें नाहीं. पुढें ह्या विषयाकडे जरा बारकाईनें पाहिलें, तेव्हां असें दिसून आलें कीं जगांतले नाणावलेले संघसुद्धां ह्याच कोड्याशीं झगडत आले आहेत.

बास्केटबॉल हा खेळ १८९१ सालच्या डिसेंबर महिन्यांत अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड गांवीं, वाय. एम. सी. ए.च्या शिक्षणशाळेंत जेम्स नेस्मिथ नांवाच्या शिक्षकानें काढला. थंडीच्या दिवसांत मुलांना घरांत खेळतां यावें आणि आडदांडपणाला वाव राहूं नये, असा त्याचा हेतु होता. म्हणून त्यानें पीच फळांच्या टोपल्या दहा फूट उंचीवर खिळल्या. टोपली डोक्याच्या वर गेली कीं जोरानें चेंडू फेंकण्यांत अर्थ उरत नाहीं, अलगद टाकण्याचें कसब लागतें. परंतु गंमत अशी कीं, धटिंगणांना आळा घालण्यासाठीं जी टोपली उंच नेली, तिनेंच पुढें उंच माणसांचें राज्य आणलें.

आतां बुटक्या गड्याची अडचण नेमकी कोठें आहे तें पाहूं. बास्केटबॉलमध्यें प्रत्येक बाजूस पांच गडी असतात व साधारणपणें एकानें एकाला राखावयाचें असतें. आमचा बुटका गडी त्यांच्या बुटक्यालाच राखील, मग बिघडलें काय, असें कोणी म्हणेल. बिघडतें तें असें. प्रतिपक्ष आपल्या सर्वांत भारी गड्याच्या हातीं चेंडू देतो. त्याला आमचा चांगला रक्षक राखीत असतो. मग ज्या गड्याला आमचा बुटका राखीत आहे तो पुढें येऊन आमच्या चांगल्या रक्षकाच्या वाटेंत खांबासारखा उभा राहतो. रक्षक अडतो, चेंडूवाला मोकळा सुटूं पाहतो, आणि त्याला अडविण्यासाठीं बुटक्यालाच त्याच्यासमोर जावें लागतें. अशा रीतीनें क्षणार्धांत त्यांचा सर्वांत बलवान् गडी आणि आमचा सर्वांत दुबळा रक्षक समोरासमोर येतात. हें एकदां नव्हे, सामनाभर चालतें. शिकारी जसा कळपांतलें लंगडें हरिण हेरतो, तसाच हा प्रकार.

मग अशा गड्याला घ्यावें कीं नाहीं? हा केवळ वजाबाकीचा प्रश्न आहे. समजा, तो सोळा गुण मिळवितो आणि त्याच्या बाजूनें प्रतिपक्ष बारा गुण नेतो. तर निव्वळ लाभ चारांचा. त्याच्या जागीं घेतलेला उंच गडी चार मिळवितो व चार देतो. तर लाभ शून्य. मीं पहिल्या शाळेंत ते बारा तेवढे मोजले, सोळा मोजलेच नाहींत! आणि मुख्य गोष्ट ही कीं ते बारा कांहीं विधिलिखित नव्हेत. भोंवतालचे चार गडी विचारपूर्वक निवडले तर त्यांचे आठ किंवा सहा करतां येतात. संघाची बांधणी म्हणतात ती हीच.

ह्याचें एक ठळक उदाहरण फिलाडेल्फिया शहराच्या संघाचें. त्यांचा ॲलन आयव्हर्सन हा सहा फूट उंचीचा. (सहा फूट उंचीचा माणूस आमच्या खामगांवच्या बाजारांत उठून दिसेल, तेथें मात्र तो बुटका!) २०००-०१ च्या हंगामांत त्यानें सामन्यामागें सरासरी ३१.१ गुण केले. साऱ्या लीगमध्यें तेवढे कोणाचे नव्हते. त्याच्या शेजारीं शिक्षक लॅरी ब्राउन ह्यांनीं एरिक स्नो नांवाचा थोराड बांध्याचा गडी ठेवला. चाल रचतांना स्नो लहान गड्याचें काम करी; परंतु बचावाच्या वेळीं दोघे कामें बदलून घेत. प्रतिपक्षाच्या मोठ्या नेमबाजाला स्नो राखी आणि आयव्हर्सन लहानाला राखी. लहानाला राखतांना तो चेंडू हिसकावून घेण्यांतहि मोठा पटाईत होता. एवढ्यानें भागेना, म्हणून २००१ च्या फेब्रुवारींत कांगो देशचा डिकेंबे मुटोंबो आणला. तो सात फूट दोन इंच! पुढचा रक्षक चुकला तरी मागें टोपलीखालीं हा उभा. पहाऱ्यावरचा एखादा शिपाई डुलकी घेत असेल, पण किल्ल्याचा दुसरा दरवाजा बंद असेल, तर शत्रु आंत येऊन तरी काय करणार?

त्या वर्षीं फिलाडेल्फियाचा संघ अंतिम फेरीपर्यंत गेला. पहिल्या सामन्यांत आयव्हर्सननें ४८ गुण केले व लॉस एंजेलिसच्या बलाढ्य संघाला हरविलें. पण पुढचे चारहि सामने गमावले. कारण ह्या बांधणीची किंमत द्यावी लागते. रक्षण करणारे चार गडी भोंवतीं घेतले कीं गुण मिळविणारा एकटा उरतो, आणि प्रतिपक्ष सगळी शक्ति त्या एकट्यावर लोटतो. दुसरा मार्ग घेऊन दोन्ही पुढचे गडी लहान पण नेमबाज ठेवावे, तर भगदाडें दोन होतात. पोर्टलंडच्या संघानें लिलार्ड व मॅकॉलम ही अशी जोडी कित्येक वर्षें ठेवली. २०१९ सालीं उपांत्य फेरी गांठली, तेथें चार सामन्यांत चारहि हरले, आणि २०२२ सालीं जोडी फुटली. ह्या उलट गोल्डन स्टेट संघाच्या स्टीफन करीला २०१६ च्या अंतिम फेरींत प्रतिपक्षानें असेंच हेरून हेरून गांठलें. तीन-एक अशी आघाडी असूनहि तो संघ चार-तीन असा हरला. तरी पुढें त्याच करीभोंवतीं संघ राखून २०१७, २०१८ आणि २०२२ असा तीन वेळां अजिंक्य झाला. करीपाशीं ड्रेमंड ग्रीन होता. तो स्वतः फारसे गुण करीत नाहीं. परंतु लहान असो वा मोठा, कोणत्याहि गड्याला राखूं शकतो, व सारा वेळ ओरडून इतरांस जागा सांगत असतो.

परंतु इतक्या दूर जाण्याचें तरी काय कारण? हेंच कोडें आपल्या कबड्डींत रोज पडतें, आणि कबड्डी तर आपल्या घरची. १९३६ सालीं बर्लिन येथें ऑलिंपिकच्या वेळीं ह्या खेळाचें दर्शन जगाला घडविलें तें आपल्या वऱ्हाडांतल्याच, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें.

कबड्डींत सात गडी. चढाई करणारा बहुधा हलका, चपळ, लवचिक अंगाचा असतो. पण चढाई संपली कीं त्यालाहि त्या सातांच्या रांगेंत उभें राहावें लागतें, आणि पकड करण्याचें बळ व सराव त्याच्या अंगीं बेताचाच असतो. येथें प्रतिपक्षाला त्याची शिकार करण्याचा मोह बास्केटबॉलपेक्षांहि अधिक. कारण बास्केटबॉलमध्यें गुण गेला तरी गडी मैदानांत राहतो, कबड्डींत मात्र त्याला शिवलें कीं तो बाहेर बसतो. म्हणजे एका स्पर्शांत त्यांना गुणहि मिळतो आणि आमची चढाईहि लंगडी होते.

ह्यावर आपल्या लोकांनीं केलेली योजना फार शहाणपणाची आहे. दोन टोंकांना दोन कोपरारक्षक, त्यांच्या आंत एकेक जागा सोडून दोन मध्यरक्षक. हे चार पकडींत तयार. ज्या तीन जागा उरतात, म्हणजे प्रत्येक कोपऱ्यालगतची एक व अगदीं मधली एक, तेथें चढाई करणारे उभे करावयाचे. असें केलें कीं दुबळ्या गड्याच्या दोन्ही अंगांना बळकट गडी येतात. हातांत हात गुंफून साखळी केली, म्हणजे त्याला एकट्यानें पकड करावी लागत नाहीं. कोपऱ्यानें पाय धरला कीं ह्यानें फक्त वाट अडवावयाची. त्याशिवाय कबड्डींत एक सोय अशी आहे, जी बास्केटबॉलला नाहीं: आपल्या बाजूनें पकड झाली कीं बाद झालेला गडी परत येतो, आणि जो आधीं बाद झाला तो आधीं येतो. म्हणून चांगला बचाव हा केवळ गुण वांचवीत नाहीं, तर बाहेर बसलेल्या चढाईवाल्याला पुन्हां मैदानांत आणतो.

पुण्याच्या पुणेरी पलटण संघाचा इतिहास ह्या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. प्रो कबड्डीच्या नवव्या हंगामांत त्यांचा कप्तान इराणचा फजल अत्राचली होता. हा कोपरारक्षक त्यांनीं १ कोटि ३८ लाख रुपयांस घेतला होता. संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला, परंतु १७ डिसेंबर १९२२ नव्हे, २०२२ रोजीं (जुन्या सवयीनें लेखणी शतकभर मागें गेली!) मुंबईस झालेल्या त्या सामन्यांत अस्लम इनामदार व मोहित गोयत हे दोघे चढाईवाले नव्हते, आणि पलटण जयपूरकडून ३३-२९ अशी हरली. नुसत्या तटबंदीवर लढाई जिंकतां येत नाहीं, हें तेथें दिसलें.

पुढच्या हंगामासाठीं प्रत्येक संघाच्या पिशवींत सगळ्या गड्यांसाठीं मिळून पांच कोटि होते. पलटणनें त्यांतले २ कोटि ३५ लाख, म्हणजे जवळ जवळ निम्मे, एकट्या मोहम्मदरझा शादलूवर घातले. हाहि इराणचाच, डावा कोपरा राखणारा. अनेकांना हें उधळेपण वाटलें असेल. परंतु शिक्षक बी. सी. रमेश ह्यांच्यापाशीं चढाईला अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) जिल्ह्यांतला अस्लम इनामदार कप्तान म्हणून होता, शिवाय मोहित गोयत, पंकज मोहिते व आकाश शिंदे होते. म्हणजे एक बाद झाला तरी चढाई थांबत नसे. त्यांतहि अस्लम व मोहित हे पकडींत हात घालणारे. मध्यरक्षणाला संकेत सावंत व अभिनेष नादराजन, उजव्या कोपऱ्यास गौरव खत्री. साखळी फंद्या घालून विणल्यासारखी झाली. शादलूनें त्या हंगामांत पकडींचे ९९ गुण केले. बावीस साखळी सामन्यांत पलटण सतरा जिंकली, दोनच हरली, तीन बरोबरींत सुटले. आणि १ मार्च २०२४ रोजीं हैद्राबाद येथें हरियाणाला २८-२५ असें हरवून प्रथमच अजिंक्य ठरली.

पुढच्या वर्षीं शादलू हरियाणाकडे गेला व हरियाणा अजिंक्य झाली. पलटणला पहिल्या सहांतहि जागा मिळाली नाहीं. हें सारें एका माणसाच्या जाण्यानें घडलें असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. पण साखळींतली कडी निघाली कीं शेजारच्या कडीचा दुबळेपणा उघडा पडतो, हें मात्र खरें.

दोन्ही खेळांतला एक भेद पालकांच्या ध्यानीं आणून द्यावासा वाटतो. ह्या मोठ्या सामन्यांत कबड्डीच्या गड्याच्या वजनाला ८५ किलोंची मर्यादा आहे; त्यामुळें तेथें मुटोंबोसारखा राक्षस उभा राहूंच शकत नाहीं, व दुबळेपण बहुतेक सरावाचें असतें. बास्केटबॉलमध्यें उंचीला मर्यादा नाहीं. तेथील उणीव सरावानें पूर्ण भरून येत नाहीं, ती शेजाऱ्यानेंच भरावी लागते. म्हणून आपल्या मुलानें उंच व्हावें म्हणून त्याला दारच्या चौकटीला लोंबकळत ठेवण्यांत हंशील नाहीं.

शाळेपाशीं कोट्यवधि रुपये नसतात, लिलावहि नसतो. असतात ते दहा-बारा मुलगे. म्हणून गेल्या हिंवाळ्यांत मीं गड्यामागें गडी लावण्याची रीत सोडली व जागा वांटून दिल्या. टोपलीखालीं दोन उंच, त्यांच्या पुढें दोन्ही अंगांना दोघे, आणि अगदीं समोर, जेथून टोपली सर्वांत दूर, तेथें आमचा सर्वांत बुटका मुलगा. त्याच्या डोक्यावरून चेंडू गेला तर त्यानें मागें धांवावयाचें नाहीं. मागच्यानें "मी घेतला" असें मोठ्यानें सांगावयाचें. हें ओरडणें शिकविण्यास मला सर्वांत अधिक दिवस लागले, कारण आपल्या मुलांस वर्गांत गप्प बसण्याचीच संवय असते. शेवटीं ज्या मुलाचा आवाज प्रथम फुटला, तो कबड्डींत डावा कोपरा राखणारा निघाला. आतां टोपलीखालची जागा त्याच्याकडे आहे, आणि समोरचा बुटका मुलगा पाठीमागें न पाहतां खेळतो.