शाळेतील आहार आणि आमदारास लिहावयाचे पत्र

शाळेत दुपारी मुलांच्या ताटात काय पडावे, हा प्रश्न स्वयंपाकघराइतकाच राज्यकारभाराचाही आहे. परंतु त्याची दाद ज्यांच्याकडे मागावयाची, त्या लोकप्रतिनिधींना पत्र लिहिण्यास पुष्कळ पालक धजत नाहीत, आणि या संकोचाच्या मुळाशी पुढील गैरसमज आहेत.

गैरसमज : शालेय पोषण आहार ही सरकारची मेहेरबानी आहे.

वस्तुस्थिती : 15 ऑगस्ट 1995 रोजी केंद्राने सुरू केलेली योजना अनेक राज्यांत कोरड्या धान्याच्या वाटपापुरतीच उरली होती, म्हणून 28 नोव्हेंबर 2001 च्या अंतरिम हुकुमाने सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न देणे बंधनकारक केले, आणि पुढे 2013 च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांतील आठवीपर्यंतच्या मुलांचा तो हक्कच ठरविला. मूळ कायद्याच्या अनुसूचीत प्राथमिक वर्गांसाठी 450 कॅलरी व 12 ग्रॅम प्रथिने, तर उच्च प्राथमिक वर्गांसाठी 700 कॅलरी व 20 ग्रॅम प्रथिने असे प्रमाण नमूद आहे.

गैरसमज : सारे दिल्लीतच ठरते, आमदाराच्या हाती काही नाही.

वस्तुस्थिती : धान्य केंद्राकडून येते हे खरे, तथापि स्वयंपाकाच्या खर्चाचा 40 टक्के वाटा महाराष्ट्र राज्याचा असून पाककृती आणि अंड्यासारखा पूरक आहार यांचा निर्णयही राज्यच घेते. 2023 मध्ये आठवड्यातून एकदा अंडे देण्याचे राज्याने ठरविले आणि 2025 च्या जानेवारीत त्यासाठीचा स्वतंत्र निधी राज्यानेच बंद केला. ज्या खात्याच्या लेखणीने हे दोन्ही घडले, त्या खात्यास जाब विचारण्याचे स्थान विधिमंडळच होय.

गैरसमज : एकट्या पालकाच्या पत्राने काय होणार?

वस्तुस्थिती : पत्रातील माहितीवरून आमदार तारांकित प्रश्न विचारू शकतो, ज्याचे उत्तर मंत्र्यास सभागृहात द्यावे लागते, तो लक्षवेधी सूचना मांडू शकतो, आणि अर्थसंकल्पातील मागण्यांवर कपात सूचना देऊन अपुऱ्या तरतुदीवर चर्चा घडवू शकतो. विधान परिषदेत तर शिक्षक मतदारसंघांतून निवडून आलेले सात सदस्य आहेत, ज्यांना शाळांचा कारभार जवळून ठाऊक असतो. अधिवेशनाच्या पुरेसे आधी पोहोचलेले पत्र अधिक उपयोगी पडते, कारण प्रश्नांची सूचना मुदतीत द्यावी लागते.

गैरसमज : पत्र लिहिणे म्हणजे मुख्याध्यापक आणि स्वयंपाकी बाई यांच्याविरुद्ध तक्रार करणे.

वस्तुस्थिती : डाळ पातळ होते ती बहुधा मंजूर दरामुळे, आणि तो दर शाळा ठरवीत नाही. म्हणून पत्रात व्यक्तीस दोष न देता शाळेचे नाव, तारखा, त्या दिवशी प्रत्यक्ष वाढलेले पदार्थ आणि एकच स्पष्ट मागणी लिहावी. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव सोबत असल्यास उत्तम. आहार सलग तीन दिवस किंवा महिन्यात पाच दिवस मिळाला नाही, तर जबाबदारी निश्चित करण्याची तरतूद राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखालील 2015 च्या नियमांत आहे. तसे घडले असल्यास त्या तरतुदीचा उल्लेख अवश्य करावा.

ज्यांच्या भुकेचा हा प्रश्न, त्या मुलांना मताधिकार नाही. त्यांच्या वतीने बोलण्याचे कर्तव्य म्हणूनच पालकांवर येते, आणि ते पार पाडण्यास वजनाची किंवा वशिल्याची गरज नसून नेमक्या माहितीची आणि थोड्या चिकाटीची गरज आहे.